खाडीभोवतीचा चिकटा

मे महिना संपत आला की आमच्या सीवूड्समध्ये जिकडेतिकडे गच्चीवर माणसं दिसायला लागतात. पावसाच्या आधी गच्ची बांधून घ्यायची, हा इथल्या सोसायट्यांचा नेम आहे. कुणी जुना ब्रिकबॅट कोबा फोडत असतं, कुणी पत्र्याची शेड चढवत असतं. मागे आमच्या गच्चीवर काळी शीट टाकायचं काम निघालं होतं. गॅसच्या टॉर्चची लांब नळी, तिच्या तोंडाशी निळी ज्योत आणि पुढे उलगडत जाणारी डांबरी शीटची गुंडाळी. ज्योत लागली की शीटची खालची बाजू ओली झाल्यासारखी चमकते आणि मागचा माणूस ती पायाने दाबत पुढे सरकतो.

मुकादम साताऱ्याकडचे होते. त्यांनी कटरने एक पट्टी कापली, कडेचं डांबर अंगठ्याने सोललं आणि माझ्यासमोर धरली. "हे बघा काका. वरनं डांबर, खालनं डांबर. जीव कशात आहे? तर ह्या मधल्या पांढऱ्यात. हे फाटलं की शीट संपली."

दोन थरांच्या मध्ये एक पातळ पांढरा पदर होता. ओढून पाहिला, फाटेना. पण ते कापड नव्हे. उभा-आडवा धागा कुठे दिसेना. फणीत राहिलेल्या गुंतवळासारखे तंतू कसेही पसरलेले. आपल्याकडचं जुनं बुरणूस जसं विणत नाहीत, लोकर थापून-दाबून करतात, त्या जातीचं काहीतरी. पण लोकरीच्या केसाला खवले असतात, ते एकमेकांत अडकतात. इथले तंतू काचेचे नाहीतर पॉलिएस्टरचे, काचेच्या कांडीसारखे गुळगुळीत. मी विचारलं, "मुकादम, हे एकमेकांना धरून कशाने राहिलंय?"

"गोंद असंल काहीतरी कंपनीचा," असं म्हणून ते ज्योतीकडे वळले.

त्या 'गोंद असंल काहीतरी'चा इतिहास शंभरावर वर्षांचा आहे. त्यातला एक मोठा तुकडा तर त्या गच्चीवरून मान फिरवली की दिसतो, निदान दिशा तरी दिसते. पश्चिमेला खाडीपलीकडे ट्रॉम्बेचे डोंगर आणि धुराडी, उत्तरेला ठाणे–बेलापूर रस्ता, आणि पनवेलच्या पलीकडे रसायनी. घराच्या भिंती, छत, कपाटं ज्या चिकट्याने विसाव्या शतकात धरून ठेवली, त्याचे सगळे घटक एके काळी या तीन ठिकाणी शिजत होते.

पण सुरुवात त्याच्या आधीची, दारावे गावापासून करायला हवी. सीवूड्स हे नाव कालपरवाचं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं, आणि मग केव्हातरी हे इंग्रजी नाव आलं. स्टेशनच्या पाटीवर मात्र 'सीवूड्स-दारावे' लिहावं लागलं. दारावे, करावे, नेरूळ ही आगरी-कोळ्यांची गावं. भातशेती, मिठागरं, मासेमारी. या किनाऱ्यावरचं गरिबाचं घर म्हणजे कुडाचं घर. कारवीच्या काठ्या नाहीतर बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि त्यांवर माती, शेण आणि भाताचं तूस एकत्र मळून लिंपायचं. शेण यात कशाला, असं शहरातलं पोर विचारतं. तर शेणात गवताचे बारीक तंतू असतात, गाईने चावून, कापून, भिजवून तयार करून दिलेले. माती वाळताना आकसते आणि तडकते. हे तंतू तिला तडकू देत नाहीत. आजच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर ही तंतूंची चटई आणि माती हा तिचा बाईंडर. फॉर्माल्डिहाइड शून्य. दोष एकच, पण मोठा. पावसाने ती धुपते, म्हणून दरवर्षी पुन्हा लिंपायची, पुन्हा सारवायची. हे काम बायकांच्या वाट्याचं होतं, त्यामुळे त्याचा खर्च कुणी कधी मांडला नाही.

हीच युक्ती थोरामोठ्यांच्या वास्तूंतही होती. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्याचे नमुने पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी तपासले, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू आणि तुकडे मिळाले. २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि वर्तमानपत्रांना भांग या शब्दाने जो आनंद झाला तो विचारू नका. मुद्दा नशेचा नव्हता. अजिंठ्याच्या गिलाव्यात किडीने जे नुकसान केलं ते वेरूळला दिसत नाही, आणि त्याचं श्रेय या दोघांनी त्या तंतूंना दिलं. चुन्याच्या कामातही असंच. किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्या आपण पाहतो, तिथे चुना नुसता मळला जात नसे. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचं पाणी असा स्वयंपाकघरातला नाहीतर वैद्याच्या पिशवीतला ऐवज जाई. गूळ ध्यानात ठेवा. तो पुढे परत येणार आहे.

तर निसर्गातून येणारे हे चिकटे: डिंक, राळ, खळ, सरस, लाख. प्रत्येकाची खोड वेगळी. खळ पाण्यात सुटते, सरस दमट हवेत सैल पडतो, लाख उष्णतेने वितळते. लाख तर पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्याची करणी आणि तिचा जगाला होणारा पुरवठा बहुतांशी भारतातून. वीज आली तशी तारांना आवरण म्हणून लाखेची मागणी वाढली आणि किमती चढल्या. न्यूयॉर्कजवळ योंकर्सला राहणारे बेल्जियन रसायनज्ञ लिओ बेकलँड या लाखेला पर्याय शोधत होते. १९०७ मध्ये त्यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड दाबाखाली तापवून एक असा पदार्थ केला जो एकदा घट्ट झाला की परत वितळत नाही. उकडलेलं अंडं जसं पुन्हा पातळ होत नाही, तसं. तेच बेकेलाइट. आपल्या आजोबांच्या घरातली काळी बटणं, काळा टेलिफोन, कुकरच्या मुठी. म्हणजे आपल्या रानातल्या किड्याची मक्तेदारी मोडायला निघालेल्या माणसाने विसाव्या शतकाचा चिकटा शोधला.

दुसरा धागा काचेचा. १९३२ साली अमेरिकेत ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेच्या विटा जोडायच्या खटपटीत होता. दाबाच्या हवेचा झोत चुकून वितळलेल्या काचेवर बसला आणि काचेचे बारीक केस उडाले. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचं यंत्र ज्याने पाहिलं आहे त्याला काचलोकर कशी होते हे वेगळं सांगायला नको; फक्त साखरेच्या जागी काच. १९३८ ला ओवेन्स-कॉर्निंग कंपनी निघाली. आता प्रश्न आमच्या गच्चीवरचाच होता. हे गुळगुळीत केस एकत्र राहणार कसे? उत्तर हाताशी होतं. केस हवेतून खाली पडत असतानाच त्यांवर फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं पातळ द्रावण फवारायचं. ते थेंब जिथे दोन केस एकमेकांवर आडवे पडतात तिथे जाऊन बसतात. मग ती गादी २०० अंशांवरच्या भट्टीतून काढायची. प्रत्येक थेंब म्हणजे एक पक्की गाठ, न बांधलेली. स्वस्त पडावं म्हणून आणि मोकळं राहिलेलं फॉर्माल्डिहाइड पकडून ठेवावं म्हणून त्यात युरिया मिसळू लागले. छपराच्या शिंगल्समधल्या पातळ काचचटयांना तर नुसत्या युरिया-फॉर्माल्डिहाइडनेच भागू लागलं.

एक गंमत इथे सांगून टाकतो. काचेच्या अखंड धाग्यावर जो पातळ लेप देतात त्याला कारखान्यात 'साइझिंग' म्हणतात, आणि हा शब्द त्यांनी कापडगिरण्यांतून उचललेला आहे. लालबाग-परळच्या कुठल्याही जुन्या कामगाराला विचारा, साइझिंग खातं म्हणजे काय ते तो सांगेल. ताण्याच्या सुताला मागावर चढण्याआधी खळ पाजायची, त्यात थोडी चरबी, म्हणजे सूत तुटत नाही. काचेच्या धाग्यांनाही सुरुवातीला स्टार्च आणि तेलाचीच खळ पाजत. गिरणगावातल्या माणसाला ही नवी काच-कापडं पहिल्या दिवशी कळली असती.

आता खाडीकडे येऊ. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे कारखान्यांचा पट्टा आखला गेला. तेव्हा नवी मुंबई कागदावरही नव्हती. चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांची खाडीपलीकडच्या शहराची कल्पना 'मार्ग' या नियतकालिकात छापून आली ती १९६५ साली. म्हणजे इथे आधी रसायनं आली, मग माणसांची घरं. त्याच १९६५ मध्ये ट्रॉम्बेला फर्टिलायझर कॉर्पोरेशनचा कारखाना सुरू झाला, आजचा आरसीएफ. तिथे युरिया व्हायचा आणि मेथनॉलही. मेथनॉलची वाफ हवेसकट तापलेल्या चांदीच्या जाळीवरून सोडली की फॉर्माल्डिहाइड होतं; ते पाण्यात विरघळवलं की फॉर्मेलिन. ते करायचा कारखाना रसायनीला. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० च्या डिसेंबरात निघाली आणि पाताळगंगेच्या काठी तिचा पसारा उभा राहिला. ॲनिलीन, नायट्रोबेंझीन, आम्लं आणि फॉर्माल्डिहाइड. त्या गावाचं नावच रसायनी पडलं. पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलात तर आपट्याच्या अलीकडे हे स्टेशन लागतं. कोकणात उतरताना वाटेत देवांची, नद्यांची, झाडांची नावं लागतात आणि मध्येच एक रसायनशास्त्राचं. मला ते नाव आवडतं. त्यात त्या काळचा भाबडा उत्साह आहे. कारखाना गावाला नाव देईल आणि गावाला त्याचा अभिमान वाटेल, असा तो काळ होता.

राहिलं फिनॉल. ठाणे–बेलापूर रस्त्यावर १९६८ मध्ये नोसिलचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला. नाफ्था तोडून इथिलीन, प्रॉपिलीन, बेंझीन काढायचं. प्रॉपिलीन आणि बेंझीन जोडलं की क्युमीन, आणि क्युमीन हवेने जाळण्याऐवजी हलकेच ऑक्सिडाइझ केलं की फिनॉल आणि ॲसिटोन. हा उद्योग त्याच रस्त्यावर हर्डिलिया केमिकल्स करत होती. आणि काचलोकर? तीही लांब नव्हती. ठाण्यात फायबरग्लास पिल्किंग्टनचा कारखाना होता.

सत्तरीच्या दशकाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. युरिया ट्रॉम्बेला, फॉर्माल्डिहाइड रसायनीला, फिनॉल तुर्भ्याच्या बाजूला, काचलोकर ठाण्याला. आणि या सगळ्यांच्या मधोमध दारावे, जिथे अजून शेणामातीने भिंती सारवल्या जात होत्या. त्या कारखान्यांत दारावे-करावेची पोरं कामाला लागली, बहुतेक कंत्राटदाराकडे. घर पक्कं करायचं तर सिमेंटचा पत्रा आणि प्लायवूडचा दरवाजा ही प्रतिष्ठेची खूण होती. जमिनी गेल्या त्याची गोष्ट वेगळी आणि मोठी. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला जे आंदोलन झालं त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देणारी योजना आली. त्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर ज्या इमारती उठल्या, त्यांच्यातही हेच प्लायवूड, हेच लॅमिनेट. 'सनमायका' हा ब्रँड आहे हे आज कुणाला आठवतं? आपण टेबलाला सनमायका लावतो, मग तो कुणाचाही असो. तो म्हणजे तरी काय, कागदाचे थर फिनॉल-फॉर्माल्डिहाइडमध्ये बुडवून दाबलेले, वरच्या रंगीत कागदाला मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड. कागद हीसुद्धा न विणलेली तंतूंची चटईच.

आणि सुतार? त्याची पिढी तोवर बदलली होती. आधी तो सरस वापरी. जनावराच्या कातड्या-हाडांचा तो तपकिरी तुकडा रात्री भिजत घालायचा, सकाळी डबल डब्यात तापवायचा, आणि सुताराच्या पाठोपाठ त्याचा वास घरभर. १९५९ मध्ये बळवंतराय पारेखांनी फेव्हिकॉल आणलं आणि हे तापवणं संपलं. फेव्हिकॉल म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचं पाण्यातलं इमल्शन. फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनशी त्याचा संबंध नाही. मला या गोष्टीची गंमत वाटते. सुताराच्या बोटाला लागलेला पांढरा गोंद निरुपद्रवी, आणि तो ज्या बोर्डाला लावतोय त्याच्या आतला, कुणाला न दिसणारा गोंद नाकात झोंबणारा.

नाकात झोंबणं हे फॉर्माल्डिहाइडचं पहिलं लक्षण. शाळेतल्या प्रयोगशाळेत बरणीतल्या बेडकाचं झाकण उघडणाऱ्या प्रत्येकाने ते अनुभवलंय. पण झोंबतं म्हणजे फक्त त्रास, असंच बरीच वर्षं मानलं गेलं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या एका संस्थेतून बातमी आली, की हवेत सुमारे १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत पंधरा भाग, फॉर्माल्डिहाइड असलेल्या पिंजऱ्यांत ठेवलेल्या उंदरांना नाकाचे कर्करोग होतायत. ही संस्था रसायन कंपन्यांच्याच पैशाने चालणारी होती, त्यामुळे विरोधकांनी रचलेलं कुभांड असं म्हणायची सोय उरली नाही. उंदराला जे होतं ते माणसाला होईलच का, हा वाद मात्र पुढे पंचवीस वर्षं चालला.

त्या वादाची पहिली ठिणगी घरांच्या भिंतींतच पडली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांत घरं उबदार ठेवायची धडपड सुरू झाली. जुन्या भिंतींच्या पोकळीत युरिया-फॉर्माल्डिहाइडचा फेस पंपाने भरायचा, हा सोपा उपाय निघाला. कॅनडा सरकारने त्याला अनुदानही दिलं. फेस नीट जमला नाही की त्यातून वायू सुटत राही आणि घरातल्यांचे डोळे चुरचुरत. डिसेंबर १९८० मध्ये त्याच सरकारने त्यावर बंदी घातली. अमेरिकेने १९८२ मध्ये घातली, आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती पुरावा अपुरा म्हणून रद्द केली. बंदी गेली, पण तो फेस घेणारं गिऱ्हाईकही गेलं.

आपल्याकडे या सगळ्याचा आवाज भोपाळच्या वायुकांडातून आला, आणि तोही वेगळ्याच विषाचा. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन घातक रसायनांची मर्यादा ठरवणारी अनुसूची जोडली गेली, त्यात फॉर्माल्डिहाइडही होतं. ती कारखान्याच्या आतल्या हवेची. घरातल्या कपाटाच्या आतल्या हवेबद्दल त्यात एक शब्द नव्हता, असणारही नव्हता.

२००४ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग करणारा पदार्थ, म्हणजे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या रांगेत. आणि पुढच्याच वर्षी कतरिना वादळ आलं. घरं वाहून गेलेल्यांना अमेरिकी सरकारने चाकांवरच्या खोल्या दिल्या, घाईघाईने जोडलेल्या, भिंतींना स्वस्त पातळ प्लाय आणि पार्टिकल बोर्ड. लुइझियाना, मिसिसिपीचा उकाडा आणि दमटपणा आपल्या कोकणाचा भाऊ. युरिया-फॉर्माल्डिहाइडचा बंध पाणी आणि उष्णता मिळाली की हळूहळू सुटतो आणि वायू परत मोकळा होतो, त्यामुळे त्या बंद खोल्यांत राहणाऱ्यांची डोकी दुखायला लागली, मुलांना खोकला लागला. सरकारी तज्ज्ञांनी डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये ५१९ खोल्यांची हवा मोजली. सरासरी ७७ पीपीबी, म्हणजे अब्ज भागांत ७७ भाग, निघाली, साध्या घरात असते त्याच्या कितीतरी पट. तीही हिवाळ्यात मोजलेली. जुलैत ती काय असेल, ते जुलैत सीवूड्समध्ये नव्या फर्निचरचं कपाट उघडणाऱ्याने सांगावं.

आपल्याकडे मात्र या पदार्थाचं नाव लोकांच्या तोंडी आलं ते माशांमुळे. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन सापडल्याची बोंब झाली आणि गोव्याने काही दिवस मासळीची आयात बंद केली. महिनाभर मुंबई-कोकणात पापलेट हातात घेऊन वास घेणाऱ्या गिऱ्हाइकांना कोळणी वैतागल्या होत्या. त्याच गिऱ्हाइकांच्या घरी माशांचा वास येऊ नये म्हणून दार बंद ठेवलेलं मॉड्यूलर किचन असतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आता पर्यायाची गोष्ट, आणि ती मला खरी रसाळ वाटते. काचलोकरीत भट्टीतून बाहेर पडेपर्यंत बहुतेक फॉर्माल्डिहाइड पक्कं बांधलं गेलेलं असतं. घरात पोचल्यावर ती थोडंच सोडते. जास्तीत जास्त सुटतं ते भट्टीच्या धुराड्यातून आणि फवारणीच्या जागेवर. त्यामुळे १९९९ मध्ये अमेरिकेने काचलोकरीच्या धुराड्यांवर मर्यादा घातल्या तेव्हा कंपन्यांपुढे दोनच वाटा उरल्या. धुराड्यावर महागडी यंत्रणा बसवायची, नाहीतर पदार्थच बदलायचा. घरात राहणाऱ्यांच्या प्रकृतीची काळजी जाहिरातीत नंतर आली. आधी धुराड्याचा हिशेब होता. ॲस्बेस्टॉसच्या खटल्यांनी १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेलेली जॉन्स मॅनव्हिल कंपनी २००२ मध्ये घरांची सगळी काचलोकर फॉर्माल्डिहाइडशिवाय करायला लागली. एकदा तोंड पोळलेल्याने ताक फुंकून प्यावं, तसं.

तिने वापरलं ॲक्रिलिक. पॉलिॲक्रिलिक आम्लाच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारा एक अल्कोहोलसारखा रेणू. भट्टीत तापलं की दोघांत एस्टरचे बंध होतात आणि पाणी बाहेर पडतं. बाकी काही नाही. अडचणी होत्याच. द्रावण आंबट, त्याने कारखान्याचं लोखंड खाल्लं. रेझिन महाग. दमट हवेत गादी फुगून वर यायची ती कमी यायची. पण जमवलं.

मग नाऊफ या जर्मन कुटुंबाच्या कंपनीने २००९ च्या सुमाराला जो बाईंडर आणला तो पाहून मला हसू आलं होतं. मक्यापासूनचं डेक्स्ट्रोज, सायट्रिक आम्ल आणि अमोनिया. म्हणजे साखर, लिंबाचं सत्त्व आणि नवसागराचा वास. हे भट्टीत तापलं की जे होतं त्याचा शोध फ्रेंच डॉक्टर लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये लावला, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते रोज होतं. वाटणासाठी कांदा-खोबरं खरपूस भाजतो तो तपकिरी रंग, भाकरीवरचे डाग, ते हेच. पण बाईंडर समजून घ्यायचा असेल तर भाकरी नको, खीर करपवा. मी एकदा मुद्दाम नव्हे, फोनवर बोलत बसल्यामुळे करपवली. दुधातली साखर आणि प्रथिनं तळाशी तापत राहिली, आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळपट. पातेलं दोन दिवस भिजत ठेवलं. पाण्यात सुटेना, घासणीने निघेना, शेवटी सुरीने खरवडलं तेव्हा कपच्या उडाल्या. पाण्यात विरघळणारी साखर पाण्याला दाद न देणारा चिकटा झाली होती. काचेच्या केसांच्या गाठी याच पदार्थाच्या. म्हणून ती लोकर जुन्या पिवळ्या लोकरीसारखी दिसत नाही. तपकिरी दिसते, आणि तिला कुणी रंग घातलेला नसतो.

साखरेच्या महाराष्ट्राचे इथे हात शिवशिवायला लागतील. पण थांबा. उसाची पांढरी साखर जशीच्या तशी यात चालत नाही. या क्रियेला लागणारी टोकं तिच्या रेणूत एकमेकांना बांधलेली असतात. ती आधी फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करावी लागते. गुळात मात्र अशी फोडलेली साखर थोडी आपसूक असते. चुन्यात गूळ घालणाऱ्या गवंड्याला मायार माहीत नव्हता, आणि चुन्यातलं गुळाचं काम वेगळंही असेल. तरी घर बांधायच्या मालात गोड पदार्थ परत आलेला पाहून तो नक्कीच चकित झाला नसता.

२०१५ पर्यंत अमेरिकेतल्या घरांसाठीच्या काचलोकरीच्या गाद्यांतून फॉर्माल्डिहाइड गेलं. डांबरी शीटच्या आतल्या चटयांत, छपराच्या शिंगल्सच्या चटयांत बदल सावकाश होतोय, कारण तिथे युरियाचा बाईंडर फारच स्वस्त आहे आणि तो डांबरात बुडणार असल्यामुळे वास घ्यायला कुणाचं नाक तिथवर जात नाही. कुठे स्टार्च, कुठे ॲक्रिलिक. स्टार्च म्हणजे खळच. साइझिंग खात्यातल्या माणसाला पुन्हा ओळख पटावी.

खाडीभोवतीचा नकाशाही बदलला. मला २०१७ हे वर्ष त्यासाठी लक्षात राहिलं. त्या मार्चमध्ये तुर्भ्याला बीएएसएफने आपलं संशोधन केंद्र उघडलं. ही कंपनी फॉर्माल्डिहाइडमुक्त ॲक्रिलिक बाईंडर विकणाऱ्यांपैकी एक. मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑर्गॅनिकचा रसायनीचा कारखाना बंद करायचं ठरवलं. एक रॉकेटच्या इंधनाशी संबंधित विभाग तेवढा इस्रोकडे गेला, बाकीच्या जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमला. स्टेशनची पाटी मात्र आहे तशीच आहे. आणि त्याच वर्षी आमच्या सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावर मॉल उघडला. तिथल्या दुकानांतून सोफे, पलंग, कपाटं घरोघरी निघाली.

त्यांतलंच नव्हे, पण तशाच जातीचं एक कपाट मी त्या उन्हाळ्यात करून घेतलं. प्लायच्या दुकानदाराला विचारलं, यात फॉर्माल्डिहाइड किती? तो म्हणाला, "साहेब, ई-वन आहे, एकदम इम्पोर्टेड क्वालिटी." ई-वन ही युरोपातली मर्यादा, शून्य नव्हे. शिक्का कुठे आहे म्हटलं तर त्याने बोर्ड उलटासुलटा केला, मग सुताराकडे बोट दाखवलं. फॉर्माल्डिहाइडमुक्त याचा अर्थसुद्धा 'वरून न घातलेलं' एवढाच असतो. लाकूड स्वतःच चिमूटभर सोडतं, आणि देवापुढची उदबत्तीही. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी तो बोर्ड घेतला, कारण सुतार दारात उभा होता आणि पाऊस चार दिवसांवर.

पहिली मोठी सर पडून गेल्यावर मुकादम उरलेले पैसे न्यायला आले. गच्ची गळली नव्हती. त्यांनी पायातल्या चपला बाहेर काढल्या, आत येऊन खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. दमट हवेत कपाटाचा वास खोलीभर पसरला होता. सकाळपासून माझं डोकं धरलं होतं. त्यांनी नाक वर करून एक लांब श्वास घेतला आणि कपाटाकडे पाहिलं.

"नवीन केलंत वाटतं काका," ते म्हणाले. "वास छान येतोय."

मी उठून खिडकी उघडली. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता.